लॅम्बोर्गिनी, फेरारी आणि एक घसरणारा क्लच : एका दंतकथेचे निदान

१/२२
मोटारींच्या इतिहासातील सर्वांत लोकप्रिय गोष्ट कोणती, असे विचारले तर बहुतेकांच्या ओठांवर एकच उत्तर येते. एका ट्रॅक्टर बनवणाऱ्याने फेरारी विकत घेतली, तिचा क्लच वारंवार बिघडला, तो तक्रार घेऊन थेट एन्झो फेरारी यांच्याकडे गेला, तेथे अपमान झाला आणि त्या अपमानातून लॅम्बोर्गिनी ही कंपनी जन्मली. गोष्ट सुरेख आहे. ती खरी आहे का, किती खरी आहे आणि तिची तपासणी कशी करावी, हा आजच्या धाग्याचा विषय.

२/२२
या गोष्टीत तीन स्वतंत्र विधाने एकत्र गुंफलेली आहेत. पहिले, त्या फेरारीचा क्लच खरोखर सदोष होता. दुसरे, तो दोष ट्रॅक्टरच्या क्लचने दूर झाला. तिसरे, नवी कंपनी याच कारणामुळे निघाली. यांपैकी एक विधान पटले म्हणून उरलेली दोन आपोआप सिद्ध होत नाहीत. तिन्हींची परीक्षा वेगवेगळी करावी लागेल आणि त्यासाठी आधी क्लच म्हणजे काय, तो आजारी कसा पडतो, हे समजून घेतले पाहिजे.

३/२२
इंजिन स्वस्थ उभे राहून ताकद देऊ शकत नाही; त्याला फिरत राहावेच लागते. चाके मात्र सिग्नलला थांबतात. फिरणारे आणि थांबलेले यांची गाठ हळुवार घालून देणारा आणि हवी तेव्हा सोडणारा मध्यस्थ म्हणजे क्लच. अगदी सुरुवातीच्या गाड्यांत हे काम पट्ट्याकडे होते. कार्ल बेन्झ यांच्या १८८६ च्या तीनचाकीत पट्टा मोकळ्या फिरणाऱ्या पुलीवरून घट्ट बसवलेल्या पुलीवर सरकवला की गाडी चालू लागे.

४/२२
पुढे शंकूच्या आकाराचा क्लच आला. फ्लायव्हीलमधील खोलगट भागात चामडे मढवलेला शंकू स्प्रिंगच्या जोराने रुतून बसे. चामडे वाळले की गाडी हिसका देऊन निघे, म्हणून त्याला तेल चोळून मऊ ठेवत. तेल जास्त झाले की तो घसरे. मग त्यावर चक्क मुलतानी माती भुरभुरवत. ‘क्लच का घसरतो?’ या प्रश्नाचे एक उत्तर शंभर वर्षांपूर्वीच्या चालकांनाही ठाऊक होते: जेथे घर्षण हवे, तेथे तेल पोहोचले म्हणून.

५/२२
चामड्याची जागा घेणारे साहित्य ब्रेकच्या शोधातून आले. इंग्लंडमधील डर्बीशायर परगण्यात हर्बर्ट फ्रूड यांनी १८९७ मध्ये घोडागाड्यांच्या ब्रेकसाठी घर्षण-पट्ट्या बनवण्यास आरंभ केला. त्यांच्याच आडनावाची अक्षरे फिरवून ‘फेरोडो’ हे नाव तयार झाले. विसाव्या शतकाच्या प्रारंभी या पट्ट्यांत ॲस्बेस्टॉस आले आणि पुढील अनेक दशके ते ब्रेक व क्लच दोहोंत राहिले. म्हणूनच जुन्या गाडीचा क्लच उघडताना आतील धूळ हवेच्या झोताने कधीही उडवू नये; ती फुप्फुसांना घातक असू शकते.

६/२२
यानंतर रूढ झाला तो एकपाती कोरडा क्लच. इंजिनाला जोडलेले फ्लायव्हील, त्याला लागून दोन्ही बाजूंनी घर्षण-पट्ट्या असलेली क्लच प्लेट आणि तिला पाठीमागून दाबणारी प्रेशर प्लेट. पायाखालचे पेडल दाबले की रिलीज बेअरिंग पुढे सरकते, प्रेशर प्लेट मागे येते आणि प्लेट मोकळी होते. १९५० च्या दशकापर्यंत दाब देण्यासाठी बहुधा गोल वेटोळ्यांच्या स्प्रिंगा असत; पुढील दशकात बशीसारखी डायफ्रॅम स्प्रिंग सर्वत्र पसरली.

७/२२
हा बदल वरवर किरकोळ वाटतो, पण आपल्या गोष्टीच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. प्लेट झिजून पातळ झाली की वेटोळ्याची स्प्रिंग थोडी सैल पडते आणि तिचा दाब कमी होतो. म्हणजे झीज वाढते त्याच वेळी पकड ढिली होते. डायफ्रॅम स्प्रिंगचा दाब झिजेच्या मर्यादेत बराचसा टिकून राहतो. साहजिकच, जुन्या पद्धतीच्या क्लचची जोरकस इंजिनासमोर लवकर दमछाक होत असे.

८/२२
क्लच किती जोर पेलू शकतो, हे चार गोष्टींवर ठरते: घर्षणाचे प्रमाण, स्प्रिंगचा दाब, प्लेटची सरासरी त्रिज्या आणि घासणाऱ्या पृष्ठभागांची संख्या. यांचा गुणाकार इंजिनाच्या पिळापेक्षा पुरेसा मोठा असला पाहिजे. तो जेमतेम असेल, तर गाडी बाजारात जाऊन-येऊन काहीही तक्रार करणार नाही; परंतु कोणी तिला पूर्ण ताकदीने हाकले, पट्ट्या तापल्या आणि घर्षण घटले, की क्लच हार मानेल. हे वाक्य लक्षात ठेवावे. पुढे साक्ष तपासताना ते कामी येणार आहे.

९/२२
क्लचचे आजार मुख्यतः चार. पहिला, घसरणे: इंजिनाचे फेरे वाढतात, वेग वाढत नाही. दुसरा, पुरता न सुटणे: पेडल तळाला लागले तरी गिअर खरखर करतो. तिसरा, निघताना गाडी थरथरणे. चौथा, आवाज. लक्षण एक असले तरी कारणे अनेक असतात. जो मिस्त्री लक्षण ऐकताच गिअरबॉक्स उतरवायला घेतो, त्याच्या बाबतीत ‘आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी’ होण्याचा धोका असतो.

१०/२२
घसरणीची परीक्षा सोपी आहे. मोकळ्या, सपाट आणि सुरक्षित रस्त्यावर गाडी वरच्या गिअरमध्ये मध्यम फेऱ्यांवर ठेवावी आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबावा. फेरे दाखवणारा काटा आणि वेगाचा काटा जोडीने चढत गेले तर क्लच ठीक. फेऱ्यांचा काटा एकाएकी उसळला आणि वेग जागीच रेंगाळला, तर क्लच घसरतो आहे. सोबत जळकट वास आला, तर शंकेला जागाच उरत नाही. ही परीक्षा पुन्हापुन्हा करू नये. दर वेळी प्लेट थोडी जळतेच.

११/२२
घसरतो हे कळले, पण का? येथे क्रम स्वस्ताकडून महागाकडे असावा. प्रथम पेडलचा फ्री प्ले पाहावा. प्लेट झिजत जाते तसा हा मोकळेपणा आपोआप कमी होतो; तो शून्य झाला की रिलीज बेअरिंग सतत रेलून राहते आणि स्प्रिंगचा दाब चोरते. अशा वेळी नुसते समायोजन पुरते. त्यानंतर तेलगळती: अनेक जुन्या इंजिनांच्या मागील टोकाचे सील आजच्यासारखे चोख नसत. सर्वांत शेवटी झिजलेली प्लेट आणि दमलेल्या स्प्रिंगा.

१२/२२
क्लच पुरता सुटत नसेल, तर परीक्षा वेगळी. गाडी उभी, इंजिन मंद चालू. पेडल तळापर्यंत दाबून काही सेकंद थांबावे आणि मग रिव्हर्स टाकावा. खरखर झाली, तर प्लेट अजून फिरते आहे. हायड्रॉलिक क्लचमध्ये आधी तेलाची पातळी, नळीतील हवा आणि दोन्ही सिलिंडरांची रबरे तपासावीत. वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या गाडीत प्लेट गंजून फ्लायव्हीललाच चिकटलेली आढळते. येथे क्लच दोषी नसून गाडी न चालवणारा मालक दोषी असतो.

१३/२२
थरथर असेल तर प्लेटवरील तेल, फ्लायव्हीलवर तापून पडलेले डाग आणि इंजिनाचे सैल माउंटिंग, हे तिन्ही पाहावे. आवाजाचे गणित तर फारच देखणे आहे. पेडल दाबल्यावर आवाज सुरू होत असेल, तर संशय रिलीज बेअरिंगवर. न्यूट्रलमध्ये पेडल सोडलेले असताना आवाज येतो आणि दाबताच थांबतो, तर संशय गिअरबॉक्सच्या पुढील शाफ्टच्या बेअरिंगवर. एकही नट न खोलता, केवळ कानाने, आरोपी बदलतो.

१४/२२
आता मूळ गोष्टीकडे वळू. फेरुच्चो लॅम्बोर्गिनी यांचा जन्म २८ एप्रिल १९१६ रोजी इटलीतील चेन्तोजवळच्या रेनात्सो या गावी, शेतकरी कुटुंबात झाला. दुसऱ्या महायुद्धात ते ऱ्होड्स बेटावर इटालियन वायुदलाच्या वाहनांची दुरुस्ती करत. युद्धाच्या अखेरीस ब्रिटिशांचे युद्धकैदी झाले, सुटून घरी परतले आणि भंगारात निघालेल्या लष्करी वाहनांच्या सुट्या भागांतून ट्रॅक्टर जुळवू लागले. १९४८ मध्ये ट्रॅक्टर कंपनी उभी राहिली. दशकभरात ते श्रीमंत झाले. हा मनुष्य हौशी धनिक नव्हता, पक्का मिस्त्री होता.

१५/२२
श्रीमंती आल्यावर त्यांनी वेगवान गाड्या घेतल्या. त्यांत १९५० च्या दशकाच्या अखेरीस फेरारी २५० जीटी आली. तीन लिटरचे, बारा सिलिंडरांचे इंजिन. त्या काळातील उत्तम गाड्यांपैकी एक. पण एन्झो फेरारी यांचा जीव शर्यतीत गुंतलेला होता. रस्त्यावरील गाड्या विकून येणारा पैसा शर्यतींना लागत असे. गिऱ्हाइकाच्या दैनंदिन सोयीला तेथे दुय्यम स्थान होते, ही टीका त्या काळी एकट्या लॅम्बोर्गिनींची नव्हती.

१६/२२
स्वतः लॅम्बोर्गिनी यांचे सर्वाधिक उद्धृत होणारे कथन १९९१ मध्ये एका ब्रिटिश मोटार-मासिकात आले. त्याचा आशय असा: साध्या चालवण्यात गाडी नीट असे, पण जोरात हाकली की क्लच घसरे. मारानेल्लोच्या कारखान्यात तो वारंवार बदलून घ्यावा लागे आणि दुरुस्ती त्यांना पाहू दिली जात नसे. अखेर ते एन्झो यांना भेटले. एन्झो संतापले आणि तुम्हाला ट्रॅक्टर चालवता येत असेल, फेरारी नव्हे, अशा अर्थाचे बोलले.

१७/२२
आता आठव्या भागातील वाक्य आठवावे. ‘सावकाश चालवली की ठीक, जोरात हाकली की घसरते’ हे लक्षण जेमतेम क्षमतेच्या क्लचशी तंतोतंत जुळते. नुसती तेलगळती असती, तर प्रत्येक नव्या प्लेटनंतर काही काळ सर्व ठीक राहून त्रास हळूहळू वाढला असता, तोही कोणत्याही वेगात. म्हणजे साक्षीदार लक्षण सांगतो ते यंत्रशास्त्राला धरून आहे. मात्र एन्झो यांचे उत्तरही अगदी निराधार ठरत नाही: हाफ क्लचवर गाडी खेळवणारा चालक चांगला क्लचही जाळू शकतो. दोघेही अंशतः बरोबर असणे शक्य आहे. पहिले विधान ‘संभवनीय’ या खणात ठेवू.

१८/२२
दुसरे विधान अधिक डळमळीत आहे. प्रचलित कथेनुसार लॅम्बोर्गिनींनी क्लच उघडला, तो त्यांच्या ट्रॅक्टरमधलाच निघाला आणि फेरारी त्याचे अनेक पट दाम लावत होती. हे आकडे सांगणाऱ्यागणिक बदलतात. दंतकथेची ही पहिली खूण. शिवाय ट्रॅक्टरचे इंजिन मिनिटाला सुमारे २,००० फेरे घेत असेल आणि स्पोर्ट्स कारचे ७,०००, तर प्लेटच्या कडेवर बाहेर खेचणारा जोर बारा पटींहून अधिक होतो. एकाच उत्पादकाने दोन्हींसाठी क्लच बनवणे सहज शक्य आहे; परंतु ट्रॅक्टरची प्लेट तशीच्या तशी उचलून बसवणे धोक्याचे. थोर मिस्त्रीने असे डोळे मिटून केले असेल, हे पटणे कठीण.

१९/२२
तिसरे विधान कारणाचे. एका क्लचसाठी कोणी कारखाना उभारतो का? भोवतालचा काळ पाहा. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून इटलीत औद्योगिक भरभराट होती. महागड्या गाड्यांना गिऱ्हाईक होते. १९६१ च्या अखेरीस अंतर्गत वादातून कार्लो किती, जोत्तो बिझ्झारिनी असे फेरारीचे प्रमुख अभियंते बाहेर पडले. म्हणजे लॅम्बोर्गिनींकडे भांडवल होते, बाजार होता आणि शेजारीच कसलेले मनुष्यबळ मोकळे झाले होते. अपमान ही ठिणगी असेलही. पण सरपण आधीच रचलेले होते.

२०/२२
१९६३ मध्ये कंपनी स्थापन झाली. सांत आगाता बोलोन्येसे येथे कारखाना उभा राहिला. बारा सिलिंडरांचे इंजिन बिझ्झारिनींनी आखले. त्याच वर्षी ट्युरिनच्या प्रदर्शनात पहिली गाडी मांडली, तेव्हा तिचे इंजिन बॉनेटखाली मावत नव्हते. वजनासाठी आत फरशा भरल्या आणि बॉनेट बंद ठेवले, अशी आठवण सांगितली जाते. पुढे जान पाओलो दाल्लारा, पाओलो स्तान्झानी आणि न्यूझीलंडचे चाचणी-चालक बॉब वॉलेस यांनी ती रस्त्यायोग्य केली. १९६४ मध्ये ३५० जीटी बाजारात आली आणि १९६६ मध्ये जिनिव्हात मिउराने जग थक्क केले. ही माणसे दंतकथेत कोठेच दिसत नाहीत. त्यांचे श्रम एका क्लचच्या सावलीत झाकले गेले, हा त्या कथेचा खरा तोटा.

२१/२२
इतिहासाचार्य राजवाडे यांनी बखरीपेक्षा समकालीन अस्सल पत्राला अधिक मोल दिले, हे आपण जाणतोच. त्या कसोटीवर १९९१ चे कथन बखरीच्या जवळ जाते: घटनेनंतर सुमारे तीस वर्षांनी सांगितलेले, सांगणारा स्वतःच कथेचा नायक आणि ज्याच्याविरुद्ध सांगितले ते एन्झो फेरारी १९८८ मध्येच निवर्तलेले, म्हणजे उत्तर देणारा कोणी नाही. पण बखर म्हणून ती फेकून द्यावी असेही नाही. तिच्यातील लक्षण तपासता येते, ते आपण तपासले आणि ते टिकले. संवाद, दाम आणि एकमेव कारण मात्र टिकले नाहीत.

२२/२२
लॅम्बोर्गिनी यांनी १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात ट्रॅक्टर आणि मोटार हे दोन्ही व्यवसाय विकले आणि उंब्रियात द्राक्षमळा फुलवला. २० फेब्रुवारी १९९३ रोजी त्यांचे निधन झाले. गोष्ट मात्र अजून धावते आहे. पुढच्या वेळी ती तुमच्यासमोर आली, तर ‘खोटी आहे’ म्हणून झिडकारू नका आणि ‘वा!’ म्हणून पुढेही ढकलू नका. आधी लक्षण विचारा, मग कारणे मांडा, स्वस्त परीक्षा आधी करा आणि गिअरबॉक्स शेवटी उतरवा. आपल्या घराण्याच्या, गावाच्या, गडाच्या ज्या कथा आपण अभिमानाने सांगतो, त्यांनाही हीच रीत लावून पाहा. ज्या टिकतील, त्यांच्यावर मग निःशंक भार टाकता येईल.